माळावरची पिवळ्या गळ्याची चिमणी: पेट्रोनिया लिहायचं की जिम्नोरिस?

निपाणीकडच्या एका गावातल्या, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याचा हा प्रश्न. थोडक्यात असा: "आमच्या माळावर चिमणीसारखा पक्षी दिसला. खांद्यावर तांबूस डाग, गळ्यावर पिवळा ठिपका. 'ग्रासलँड स्पॅरो' असं शोधलं तर ॲमोड्रॅमस ह्युमेरॅलिस हे नाव आलं, त्याच्याही खांद्यावर पिवळं असतं म्हणे. सरांच्या जुन्या पुस्तकात पेट्रोनिया झँथोकॉलिस आहे, मोबाइलवरच्या ॲपमध्ये जिम्नोरिस झँथोकॉलिस. प्रकल्पात खरं नाव कोणतं लिहू? शास्त्रीय नाव जर कायमचं असतं, तर ते बदलतं कसं?"

तुम्हाला घाई असेल तर आधी उत्तर घ्या. पक्षी तुम्ही वर्णन केलाय तसाच असेल, तर 'जिम्नोरिस झँथोकॉलिस' लिहा. पेट्रोनिया हे त्याच पक्ष्याचं आधीचं नाव आहे. ॲमोड्रॅमस मात्र वेगळाच पक्षी आहे, तो दक्षिण अमेरिकेतला. त्याचा आपल्या माळाशी संबंध नाही.

पण तुमचा खरा प्रश्न शेवटच्या वाक्यात आहे. बेळगावात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी 31 वर्षं गेली, आणि दर वर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन यायचं. "मॅडम, नाव बदलतंच असेल तर पाठ कशाला करायचं?" त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

नावाआधी पक्ष्याबद्दल. तुम्ही तो कुठं बसलेला पाहिलात ते लिहिलेलं नाही, आणि बरंच काही त्यावर अवलंबून आहे. ही चिमणी माळावर दिसते, पण ती झाडाची चिमणी आहे. माळावरच्या एखाद्या बाभळीवर, बांधावरच्या आंब्यावर, विहिरीशेजारच्या कडुनिंबावर ती बसते. दाणे टिपायला शाळूच्या रानात, खळ्यावर उतरते आणि हुसकली की परत झाडात जाते. घरटं झाडाच्या ढोलीत, बहुतेक वेळा सुतार किंवा तांबट पक्ष्यानं कोरून सोडलेल्या जुन्या भोकात. म्हणून, तुमचा पक्षी फांदीवर होता, अंगावर रेघा नव्हत्या, पाठ साधी धुरकट तपकिरी होती, पंखावर दोन पांढरे पट्टे होते आणि चोच घरचिमणीपेक्षा सडपातळ होती, तर माझ्या मनात शंका नाही.

पिवळ्या ठिपक्यावर फार भिस्त ठेवू नका. तो नराच्या गळ्याच्या खालच्या भागात असतो आणि मान उंचावल्याशिवाय नीट दिसत नाही. मादीचा पिवळेपणा फिका असतो, खांद्यावरचा तांबूस रंगही मंद. पिल्लांना तर पिवळं नसतंच. शिवाय हा पक्षी फुलांतला मध प्यायला येतो. सावर, पांगारा फुललेला असताना त्याचं कपाळ आणि तोंड परागांनी माखलेलं असतं. एका विद्यार्थिनीनं मला "पिवळ्या डोक्याची चिमणी" म्हणून फोटो आणून दाखवला होता. तो पिवळेपणा परागांचा होता.

आता समजा तो पक्षी जमिनीवर होता, चाहूल लागताच दबकला, मग दुडूदुडू पळाला. तर मग तुम्ही चंडोलांपैकी कुणीतरी पाहिलाय. आपल्या मुरमाड माळावर डोंबारी भरपूर असतो, चिमणीएवढाच, बसका. नराचं पोट आणि डोळ्यावरची पट्टी काळी, मादी मात्र मातकट, आणि लांबून ती हुबेहूब चिमणीच्या मादीसारखी वाटते. इंग्रजीत त्याला 'स्पॅरो-लार्क' म्हणतात, म्हणजे नावात चिमणी आहे, पण कुळानं तो चंडोल. हिवाळ्यात शाळूत येणारे भारीट, बोरीच्या झुडपात गर्दी करणारी मनोली, विणीचा काळ सोडून साध्या वेषात फिरणारी सुगरण, हे सगळे लोकांच्या तोंडी "चिमण्या"च. बोलताना त्यात काही चूक नाही. नोंद करताना मात्र आधी पक्षी पक्का करायचा, मगच नावाच्या मागे लागायचं. निपाणीच्या काळ्या रानात काय दिसतं आणि खानापूरच्या जंगलाच्या कडेला काय दिसतं, यातही फरक पडतो. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला धो धो पाऊस आणि अथणी-सौंदत्तीकडे कोरडं. ही चिमणी कोरड्या, विरळ झाडीच्या बाजूची. घनदाट रानाच्या आत मला ती सापडलेली नाही.

आता त्या अमेरिकन पक्ष्याबद्दल. तुमची चूक कुठं झाली ते कळलं तर पुढं उपयोग होईल.

तुम्ही माळ या शब्दाचं इंग्रजी केलंत, चिमणीचं इंग्रजी केलंत आणि दोन्ही जोडून शोधलंत. पण 'ग्रासलँड स्पॅरो' हे वर्णन नाही, ते एका ठरावीक पक्ष्याचं ठरलेलं इंग्रजी नाव आहे. कोलंबिया-व्हेनेझुएलापासून अर्जेंटिनापर्यंतच्या गवताळ भागात तो राहतो. पाठीवर रेघा, डोळ्यापुढं पिवळा ठिपका, पंखाच्या वळणावर पिवळा रंग. 'ह्युमेरॅलिस' म्हणजे खांद्याचा, ते नाव त्या पंखाच्या वळणावरून आलं. तुम्ही खांदा पाहिलात, नावात खांदा सापडला, आणि जुळलं असं वाटलं. तुमच्या पक्ष्याचा खांदा तांबूस, त्याचा पिवळा. तेवढं तपासलं असतं तर तिथंच सुटका होती.

पण मोठी गोष्ट पुढं आहे. अमेरिकेतल्या या 'स्पॅरो' मंडळींचा आपल्या चिमणीशी जवळचा संबंध नाही. युरोपातून तिकडं वसायला गेलेल्या लोकांनी लहान, तपकिरी, दाणे खाणारे पक्षी पाहिले आणि ओळखीचं नाव देऊन टाकलं. चिमण्यांचं कुळ पॅसरिडी, त्यात चाळीसएक जाती, आशिया-आफ्रिका-युरोपातल्या. अमेरिकन स्पॅरो पॅसरेलिडी या निराळ्या कुळातले. त्यांचं नातं आपल्याकडं हिवाळ्यात येणाऱ्या भारीटांशी जास्त जवळचं. 2017 पर्यंत अमेरिकेतल्या अधिकृत यादीतही ते भारीटांच्याच कुळात होते, त्या वर्षी त्यांना वेगळं कुळ मिळालं.

त्या पक्ष्याचं नाव कसं फिरलं ते बघा, कारण तुमच्या चिमणीचं नावही अगदी तसंच फिरलंय. 1792 मध्ये बॉस्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं तेव्हा नाव दिलं 'टॅनाग्रा ह्युमेरॅलिस', म्हणजे त्याला टॅनेजर पक्ष्यांत बसवलं. स्वेन्सननं 1827 मध्ये ॲमोड्रॅमस हे घराणं (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडलं, अर्थ 'वाळूत धावणारा'. मध्यंतरी हा पक्षी मायोस्पायझा या घराण्यात होता, मग ॲमोड्रॅमसमध्ये आला. ॲमोड्रॅमसमध्ये एके काळी बरीच गर्दी होती. डीएनए तपासल्यावर कळलं की त्यातल्या कित्येकांचं एकमेकांशी जवळचं रक्त नाही, गवतात राहून राहून ते सारखे दिसू लागले होते. 2018 मध्ये ती गर्दी हलवली गेली आणि घराण्यात तीनच जाती उरल्या. एवढं सगळं होऊनही 'ह्युमेरॅलिस' 1792 पासून जागचं हललेलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच शेवटच्या वाक्यात आहे.

माझ्या आजोबांच्या ट्रंकेत पत्रांचा एक गठ्ठा होता. सगळी पत्रं एकाच गावाला, एकाच घरी आलेली. जुन्या पत्रांवर गावाच्या नावाखाली 'जिल्हा बेळगाव, मुंबई राज्य'. 1956 नंतरच्या पत्रांवर 'म्हैसूर राज्य'. 1973 नंतर 'कर्नाटक'. आता कुणी पत्र पाठवलं तर जिल्हा 'बेळगावी' लिहील, 2014 पासून सरकारी नाव तेच. गाव तसूभरही हललं नाही. पोस्टमनला पत्ता सापडायचा तो गावाच्या नावावरून, वरची ओळ त्या त्या काळची. शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द म्हणजे गाव. पहिला शब्द म्हणजे ते गाव कोणत्या प्रदेशात धरायचं याबद्दलचं त्या काळचं मत.

ही उपमा एका जागी अपुरी पडते, तेही सांगते. राज्याची हद्द माणसं ठरवतात. पक्ष्यांच्या घराण्याची हद्द माणसांनी ठरवायची नसते, ती शोधायची असते. कोण कुणाच्या वंशातून आलं ही घडून गेलेली गोष्ट आहे, आपल्याला ती हळूहळू कळते. पुरावा बदलला की पहिला शब्द बदलतो. तुम्ही याला शास्त्राची चंचलता समजू नका. पुरावा समोर असूनही जुनं नाव धरून बसणं, हे मला जास्त वाईट वाटलं असतं.

आता आपल्या चिमणीचा प्रवास. 1831 मध्ये मेजर फ्रँकलिननं तिचं वर्णन 'फ्रिंजिला फ्लॅव्हिकॉलिस' म्हणून केलं. फ्रिंजिला हे फिंच पक्ष्यांचं घराणं. त्या काळी दाणे खाणारा जाड चोचीचा बहुतेक प्रत्येक पक्षी त्यात टाकला जायचा, शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं 1758 मध्ये घरचिमणीलाही त्यातच ठेवलं होतं. 1838 मध्ये एडवर्ड बर्टननं आपल्या पक्ष्याला 'फ्रिंजिला झँथोकॉलिस' हे नाव दिलं. फ्लॅव्हस हा पिवळ्यासाठी लॅटिन शब्द, झँथोस ग्रीक, कॉलिस मानेवरून. दोन्ही नावांचा अर्थ एकच, पिवळ्या मानेचा.

इथं तुम्ही विचाराल, ज्येष्ठता पाळायची तर 1831 चं नाव का नाही? बरोबर प्रश्न आहे. पहिलं नाव चालतं हा नियम खराच, पण त्याच्या सोबत दुसरा नियम आहे: तीच दोन शब्दांची जोडी आधी दुसऱ्या प्राण्याला दिलेली असेल, तर नंतरची जोडी बाद. 'फ्रिंजिला फ्लॅव्हिकॉलिस' ही जोडी आधीच दुसऱ्या एका पक्ष्याच्या नावावर होती. म्हणून बर्टनचं नाव उरलं. भारतातल्या पक्ष्यांवरच्या जर्डनच्या 1860 च्या दशकातल्या ग्रंथात हीच चिमणी तुम्हाला फ्लॅव्हिकॉलिस म्हणून सापडेल. हे आपल्या भागासाठी महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या नोंदी त्याच काळातल्या. बेळगावच्या छावणीत असलेल्या बटलर नावाच्या अधिकाऱ्यानं 1881 मध्ये दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची यादी केली, ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या पक्ष्यांवरच्या नियतकालिकात ती छापून आली. दक्षिण मराठा मुलूख म्हणजे आपलाच भाग. असल्या याद्या वाचताना जुनं नाव ओळखता आलं नाही, तर आपल्याच गावाचा पक्षी समोर असून सापडत नाही.

घराण्याचं पुढं असं झालं. 1840 च्या दशकात याच चिमणीवरून जिम्नोरिस हे घराणं मांडलं गेलं, अर्थ 'उघड्या नाकपुड्यांची'. नंतर अनेकांनी तिला पेट्रोनियात नेलं. पेट्रोनिया म्हणजे दक्षिण युरोपापासून मध्य आशियापर्यंत कड्याकपारींत राहणाऱ्या खडकचिमणीचं घराणं. तिच्याही गळ्यावर पिवळा ठिपका असतो, त्यामुळे दोघींना एका घरात ठेवणं सोपं वाटलं असावं. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या ग्रंथात ही पेट्रोनियाच आहे, आणि आपल्याकडच्या दोन पिढ्या तेच नाव वाचत शिकल्या. तुमच्या सरांचं पुस्तक चुकीचं नाही, ते त्या काळचं आहे. पण ठिपका सोडला तर दोघींत फार अंतर आहे. खडकचिमणीच्या अंगावर ठळक रेघा, शेपटीच्या टोकाला पांढरे ठिपके, घरटं कपारीत. आपली साधी, बिनरेघांची, झाडावरची. तिच्यासारख्या आणखी तीन जाती आफ्रिकेत आहेत. आता या चौघी मिळून जिम्नोरिस, आणि पेट्रोनियात खडकचिमणी एकटी. 'रॉक स्पॅरो' आणि आपली 'यलो-थ्रोटेड स्पॅरो' यांचा गोंधळ तिथं संपला.

याच चिमणीनं सालिम अलींना पक्ष्यांकडं वळवलं, हे तुम्ही ऐकलं असेल. 1908 मध्ये लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, गळ्यावर पिवळं दिसलं, म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्ड यांनी ती ओळखून दिली आणि कपाटांतले भुसा भरलेले पक्षी उघडून दाखवले. सालिम अलींचा त्या दिवशीचा प्रश्न तुमच्यासारखाच होता: चिमणीसारखी आहे, पण गळा पिवळा, मग ही कोण? मला तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला त्याचं एक कारण हे.

घराण्याच्या वरची पायरी म्हणजे कुळ. ही पायरीसुद्धा हललेली आहे आणि तिची गोष्ट मला फार आवडते. चिमण्या आधी फिंचांत होत्या. मग 1920 च्या दशकात सुश्किन या रशियन शास्त्रज्ञानं टाळूची रचना पाहून त्यांना सुगरणीकडं नेलं. म्हणून जुन्या पुस्तकांत घरचिमणी 'प्लोसिडी', म्हणजे सुगरणीच्या कुळात दिसते. 1978 मध्ये चिमण्यांच्या जिभेचा बारकाईनं अभ्यास झाला. त्यांच्या जिभेत एक जास्तीचं हाड असतं, प्रीग्लोसेल नावाचं. दाणा सोलताना जीभ ताठ राहायला त्याचा उपयोग होतो. हे हाड सुगरणीला नाही, फिंचांना नाही. एवढ्याशा हाडावरून चिमण्यांचं वेगळेपण पुढं आलं आणि नंतरच्या डीएनएच्या कामानंही पॅसरिडी हे स्वतंत्र कुळ उचलून धरलं. तुमच्या माळावरची चिमणी त्या कुळातली आहे. म्हणजे "ही खरी चिमणी का?" असं कुणी विचारलं तर बेधडक हो म्हणा.

इथवर काय झालं ते एकदा एकत्र करते. दुसरा शब्द, झँथोकॉलिस, पक्षी कोणता ते सांगतो आणि तो 1838 चा आहे. पहिला शब्द नातं सांगतो आणि तो फ्रिंजिला, जिम्नोरिस, पेट्रोनिया आणि पुन्हा जिम्नोरिस असा बदलत आला. कुळ त्याच्याही वर, तेही फिंच, सुगरण, चिमणी असं बदललं. दुसरा शब्द अगदीच अढळ असतो असं मात्र नाही. जुनं वैध नाव सापडलं तर तो बदलू शकतो. एका जातीच्या दोन जाती ठरल्या तर एका भागाला नवं नाव लागतं. आणि व्याकरणामुळे त्याचा शेवट बदलतो. लिनियसची 'डोमेस्टिका' घरचिमणी पॅसर या पुल्लिंगी घराण्यात गेली तेव्हा 'डोमेस्टिकस' झाली. डोंबारी जुन्या पुस्तकांत 'एरेमॉप्टेरिक्स ग्रीसिया' होता, आता 'ग्रीसियस' आहे. पक्षी तोच, फक्त लिंग जुळवलं. झँथोकॉलिसचा शेवट दोन्ही लिंगांत सारखाच, त्यामुळे तिथं ती कटकट नाही.

आता प्रकल्पात लिहायचं कसं. रोमन लिपीत लिहाल तेव्हा दोन्ही शब्द तिरप्या अक्षरांत, हातानं लिहिलं तर खाली रेघ. घराण्याचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान. पुढं साध्या अक्षरांत, कंसात: (बर्टन, 1838). हा कंस हौसेचा नाही. बर्टननं नाव दिलं तेव्हा घराणं वेगळं होतं, हे तो कंस सांगतो. फ्रिंजिला हेच घराणं आजही असतं, तर बर्टन आणि 1838 कंसाविना आले असते. एका कंसात सगळा इतिहास मावतो, आणि बहुतेक विद्यार्थी तो गाळतात. तोंडी परीक्षेत मी हे हमखास विचारायची.

तिसरा शब्द, म्हणजे उपजातीचा, लिहू नका. पश्चिमेला तुर्कस्तान-इराणपासून पाकिस्तानपर्यंत एक फिकी उपजात आहे, भारतातली मूळ उपजात. पण तुम्ही पक्षी हातात घेऊन मापं घेतलेली नाहीत. जेवढं पाहिलं तेवढंच लिहावं.

नावाशेजारी एक ओळ जरूर टाका: कोणती यादी वापरली आणि ती कोणत्या वर्षाची. आतापर्यंत जगात दोन-तीन मोठ्या याद्या होत्या आणि त्यांच्यात मतभेद असायचे. 2025 मध्ये त्यांची मिळून 'ॲव्हीलिस्ट' नावाची एक यादी आली. आपल्या चिमणीबद्दल कुणाचा वाद नाही, पण तुमच्या प्रकल्पात चंडोलही असतील. माळावरचे झुडपी चंडोल वर्षानुवर्षं मिराफ्रा होते, आता नव्या याद्यांत ते प्लोसिअलॉडा झालेत. वर्ष लिहिलेलं असेल तर पुढचा वाचणारा तुमचं नाव आजच्या नावाशी जुळवून घेईल.

हे मी एवढं आग्रहानं का सांगते? आम्ही काही वर्षांपूर्वी एका तालुक्यातल्या पक्ष्यांची यादी करत होतो. तिघा-चौघांच्या वह्या एकत्र केल्या. कुणी जुनं पुस्तक वापरलेलं, कुणी नवं. यादी छापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, पेट्रोनिया झँथोकॉलिस एका पानावर आणि जिम्नोरिस झँथोकॉलिस दुसऱ्या पानावर. एकच चिमणी दोनदा मोजलेली. तालुक्यात नसलेला एक पक्षी आम्ही कागदावर वाढवला होता. पुढं कुणीतरी ते आकडे वापरले, आणि चूक दुरुस्त करायला मला दोन वर्षं पत्रं लिहावी लागली. दुसऱ्या शब्दावर नजर टाकली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. म्हणून आता मी कुठलीही यादी हातात आली की आधी दुसऱ्या शब्दाप्रमाणे लावते. सारखे शब्द शेजारी येतात आणि शंका तिथंच दिसते. एकच शब्द दोन वेगळ्या पक्ष्यांनाही असू शकतो, तेव्हा नुसता शब्द जुळला म्हणून पुसून टाकू नका, तपासा.

जागेचंही तसंच. नोंदीत नुसतं 'बेळगाव जिल्हा' लिहू नका, गाव आणि तालुका लिहा. 1956 पूर्वी चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यातच राहिला आणि आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे जुन्या नोंदीतला 'बेळगाव जिल्हा' आजच्या दोन राज्यांत पसरलेला आहे. चिमणी दूधगंगा-वेदगंगेच्या दोन्ही काठांवर सारखीच उडते, नोंद मात्र चुकीच्या बाजूला जाते.

शास्त्रीय नावाबरोबर मराठी आणि कन्नड नावही लिहा. मराठी पुस्तकांत 'पीतकंठी चिमणी' आणि 'रानचिमणी' अशी दोन्ही नावं आहेत. मला दुसरं जास्त जवळचं वाटतं. आपल्याकडं रान म्हणजे नुसतं जंगल नव्हे, शेतालाही रानच म्हणतात. "रानात गेलेत" म्हणजे शेतावर गेलेत. ही चिमणी नेमकी तिथली, घराजवळची नाही आणि दाट जंगलातलीही नाही. कन्नडमध्ये चिमणीला गुब्बी, गुब्बच्ची म्हणतात. तुमच्या गावातली कन्नड बोलणारी माणसं या पक्ष्याला काय म्हणतात ते मुद्दाम विचारा, विशेषतः मेंढरं घेऊन माळावर फिरणाऱ्यांना. मला अशा माणसांकडून अनेकदा नुसतं नाव नाही, तर पक्षी कोणत्या झाडाच्या ढोलीत आहे तेसुद्धा कळलंय. जे नाव जसं ऐकलं तसं, गाव लिहून नोंदवा. ते पुस्तकातल्या नावाशी जुळलं नाही तरी बदलू नका.

शेवटी, तुमच्या पक्ष्याची खात्री अजून बाकी आहे. एप्रिलपासून जुलैपर्यंत त्यांचा विणीचा काळ. तेव्हा नराची चोच काळी होते आणि गळ्याचा पिवळा सगळ्यात उठून दिसतो. पुन्हा त्याच माळावर जा, सकाळी सातच्या आत. जुनी बाभूळ किंवा वाळकं खोड असेल तिथं लांब बसा. आवाज घरचिमणीसारखाच चिवचिवाट, पण जरा मऊ आणि गोड. नर ढोलीजवळच्या फांदीवर बसलेला दिसला तर पंखावरचे दोन पट्टे, चोचीचा रंग आणि खांद्याचा रंग एवढं लिहून घ्या, फोटो जमला तर उत्तम. ढोलीत हात घालू नका. गाव, तालुका, तारीख, वेळ, झाड एवढं टिपून मला कळवा. तांबटानं कोरलेली ढोली आहे की सुताराची, तेही पाहून ठेवा.